खान्देशातील वसंत : बहरलेल्या बागा आणि रान पाहायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत चार दिवसांची सुट्टी काढून वसंतातला बहर पाहायला येणाऱ्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. येथील बहुतेक बहर कोणाच्या तरी शेतात किंवा कोणाच्या तरी उपजीविकेच्या रानात असतो. त्यामुळे कोठे जावे याच्या जोडीने केव्हा आणि कसे जावे, हेही त्यांत ओघाने आले आहे.

बहर पाहायचा असेल तर नेमके केव्हा यावे?

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो. खान्देशात मात्र तोवर थांबलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा ऊनच येते. येथे माघात थंडी ओसरू लागते आणि खरा बहर माघाच्या उत्तरार्धापासून गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत चालतो. आंब्याचा मोहोर आणि लिंबू-मोसंबीची फुले त्याआधीच, जानेवारीच्या अखेरीपासून दिसू लागतात. फेब्रुवारीत काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. मार्चमध्ये मोहा आणि शेवगा, तर पाडव्याच्या सुमारास कडुनिंबाचा आणि करंजाचा फुलोरा येतो. बहावा आणि गुलमोहोर एप्रिल-मे महिन्यांतले, परंतु तेव्हा जळगाव-भुसावळकडचा पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो.

एकच आठवडा हाती असेल तर होळीच्या आधीचा आठवडा निवडावा, असे आमचे मत आहे. त्या सुमारास पळस ऐन भरात असतो, डाळिंबाच्या कळ्या उमललेल्या असतात आणि दुपार अजून सोसण्याजोगी असते. अधिक महिन्यामुळे होळी ज्या वर्षी मार्चच्या अखेरीस येते, त्या वर्षी मात्र सणाची वाट न पाहता मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच यावे.

उटी किंवा म्हैसूरसारखी आखीव उद्याने येथे आहेत का?

नाहीत. जळगाव शहरात भाऊंचे उद्यान आहे, जैन हिल्सवर २०१२ मध्ये सुरू झालेल्या गांधी तीर्थाचा हिरवागार परिसर आहे, आणि संध्याकाळी लहान मुलांना घेऊन तेथे जाण्यास काहीच हरकत नाही. परंतु केवळ फुलांचे ताटवे पाहण्यासाठी कोणी इतका प्रवास करावा, असे आम्ही सुचवणार नाही. खान्देशातला बहर फळबागांत, बांधांवर आणि सातपुड्याच्या उतारांवर असतो.

मग फळबागांमध्ये या दिवसांत काय काय पाहायला मिळते?

गिरणाकाठच्या चाळीसगाव, भडगाव आणि पाचोरा या तालुक्यांत लिंबू आणि मोसंबीच्या बागा आहेत, तर धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका डाळिंबासाठी ओळखला जातो. या फळझाडांना वर्षातून तीन बहर येऊ शकतात: जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहर, जून-जुलैत मृग बहर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहर. शेतकरी आपल्याकडचे पाणी, बाजारभाव आणि रोगराईचा अंदाज पाहून त्यांपैकी एकच धरतो. म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या दोन बागांपैकी एक फुलांनी लदलेली आणि दुसरी नुसती हिरवी असू शकते. पाहुण्यांनी निघण्यापूर्वी ‘बाग आंबे बहाराची आहे ना?’ एवढा एक प्रश्न फोनवर विचारला, तरी फेरी वाया जात नाही.

आंबे बहर धरण्याची पद्धत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. आधी बागेचे पाणी तोडून तिला ताणावर सोडतात. झाडे पाने गाळतात, वाढ थांबवतात आणि फांद्यांत अन्नसाठा करतात. मग छाटणी होते, खत दिले जाते आणि पाणी सोडून ताण तोडला की नव्या पालवीबरोबर कळ्या फुटतात. डाळिंबाच्या फुलांकडे जवळून पाहिले तर त्यांचे दोन आकार लगेच लक्षात येतात. ज्यांचा तळ निमुळता, घंटेसारखा असतो ती नर फुले गळून जातात. ज्यांचा तळ सुगडासारखा फुगीर असतो, त्यांचेच फळ होते. झाडाखाली लाल सडा दिसला म्हणून बाग बिघडली असे समजू नये. तो सडा बहुतांशी नर फुलांचाच असतो, आणि शेतकऱ्याचे लक्ष तसेही वर किती मादी कळी टिकली आहे याकडेच लागलेले असते.

लिंबाची फुले दिसायला लहान, पण त्यांचा वास सकाळच्या गार हवेत बागेच्या बाहेर रस्त्यापर्यंत येतो आणि दहा-अकरा वाजल्यानंतर जवळजवळ नाहीसा होतो. त्यासाठी लवकर उठण्याची तयारी हवी.

एक बहर मात्र पाहुण्यांच्या यादीत कधीच नसतो आणि पाहिल्यावर सर्वांत जास्त आवडतो, तो म्हणजे कांद्याच्या बीजोत्पादनाचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला निवडक कांदे लावून त्यांपासून बी धरतात; फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या शेतात कमरेइतक्या उंच पोकळ दांड्यांवर पांढरे गोल गोंडे उभे राहतात. त्यांना डोंगळे म्हणतात. प्रत्येक गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात आणि बी भरण्यासाठी मधमाश्यांची गरज असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी बांधावर मधपेट्या ठेवलेल्या आढळतात.

केळीच्या बागेत फुले असतात का? ती पाहायला कोठे जावे?

असतात, आणि रावेर, यावल, चोपडा हा पट्टा पाहिल्याशिवाय खान्देशची सुट्टी पूर्ण झाली असे कोणी येथे मानणार नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. लागवडीच्या हंगामानुसार बागांचे मृग बाग आणि कांदे बाग (हीही केळीचीच, पावसाळ्यानंतर लावलेली) असे दोन मुख्य प्रकार पडतात. जून-जुलैत लावलेली मृग बाग वसंताच्या सुमारास निसवू लागते, म्हणजे खोडाच्या शेंड्यातून केळफूल बाहेर पडते. येथील लोक त्याला कमळ असेही म्हणतात.

एखाद्या झाडापाशी पाच मिनिटे शांत उभे राहावे. जांभळट तांबड्या रंगाचे जाड पान वरच्या बाजूने सुटते, मागे वळते, आणि त्याच्या आत पिवळसर फुलांची दुहेरी रांग दिसते. प्रत्येक फुलाच्या मागे बोटाएवढी हिरवी केळी आधीच तयार असते. अशी पाने एकेक करून उघडत जातात, गळून पडतात आणि एकेक फणी मोकळी होते. पुरेशा फण्या मिळाल्या की शेतकरी खालचे कमळ कापून टाकतो, कारण ते ठेवले तर घडाचे पोषण वाटले जाते. कापलेले कमळ मागितले तर कोणी नाही म्हणत नाही, आणि त्याची भाजी उत्तम होते.

एक सूचना अगदी गंभीरपणे करावीशी वाटते. केळीचा चीक कपड्यावर पडला की त्याचा काळपट डाग निघत नाही. बागेत जाताना जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि पांढऱ्या सदऱ्यातले छायाचित्र बांधावरच काढून घ्यावे. ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतात, त्यांवर पाय देऊ नये. अंधार पडल्यावर दाट बागेत तर मुळीच शिरू नये.

अनोळखी शेतकऱ्याच्या बागेत जाता येते का? पैसे द्यावे लागतात का?

विचारून गेल्यास बहुधा जाता येते. गाडी वस्तीजवळ किंवा बांधाशी उभी करून, शेतात जो माणूस दिसेल त्याला ‘नाना’, ‘आप्पा’ किंवा ‘भाऊ’ अशी हाक मारून, आपण कोठून आलो आणि काय पाहायचे आहे हे सरळ सांगावे. शेतात स्त्रिया काम करत असतील तर ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हणावे आणि त्यांचे छायाचित्र त्यांना विचारल्याखेरीज घेऊ नये. खान्देशी माणूस मोकळा आहे. तो बाग दाखवील, चहा पाजील आणि निघताना पिशवीत लिंबेही घालील. त्याच्या पाहुणचाराचे पैसे हातावर ठेवू गेल्यास तो दुखावला जाण्याचा संभव अधिक. त्याऐवजी त्याच्याकडचा माल योग्य भावाने विकत घ्यावा, आणि भाव देताना घासाघीस करू नये.

जेथे कृषी पर्यटन केंद्र म्हणून व्यवस्था केलेली असते, तेथे प्रवेश, जेवण आणि शिवारफेरी यांचे दर ठरलेले असतात. ते द्यावेत, त्यात संकोचाचे काहीच नाही.

फुले तोडण्याचा प्रश्न वेगळा आहे. बागेतले प्रत्येक फूल हे उद्याचे फळ असते, त्यामुळे डाळिंबाची एक देखणी फांदी मोडून केसांत माळणे म्हणजे शेतकऱ्याच्या देखत त्याचे उत्पन्न मोडणे होय. मुलांना हे गाडीतच समजावून आणावे.

फवारणी आणि मधमाश्या यांपासून काही धोका आहे का?

दोन्हींबाबत आधी विचारून घ्यावे. बहराच्या काळात बुरशी आणि किडींसाठी औषधे फवारावी लागतात. त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी फवारणी झालेली असेल तर बागेत शिरू नये, आणि कोणत्याही बागेतले फळ किंवा पान न धुता तोंडात घालू नये. मधपेट्यांच्या समोरून, म्हणजे माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून, चालू नये. मागच्या बाजूने जावे. तीव्र वासाचे अत्तर लावणे त्या दिवशी टाळावे.

खरा धोका आग्या मोहोळाचा असतो. सावरीसारख्या उंच झाडांवर आणि डोंगरकड्यांवर ही मोठी पोळी लटकलेली दिसतात. त्यांच्याखाली धूर, गोंगाट किंवा दगडफेक केल्यास झुंड उठते आणि दूरपर्यंत पाठलाग करते. पोळे दिसले की आवाज न करता परत फिरावे.

पळस फुललेला पाहण्यासाठी सर्वांत चांगला रस्ता कोणता?

आमच्या मते बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाचा खान्देशातला टप्पा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा अशी गावे घेत हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याला धरून जातो. डावीकडे तापीच्या बाजूची काळी जमीन आणि केळी, उजवीकडे डोंगराची रांग; रावेरकडून शहाद्याकडे जाताना हा क्रम राहतो. मुख्य रस्ता सोडून उत्तरेकडे डोंगराच्या दिशेने कोणत्याही फाट्याला वळले की काही मैलांत पळस सुरू होतो. पाने गळून गेलेली, वेडीवाकडी काळसर फांदी आणि तिच्यावर केशरी फुलांचे घोस. पाकळी बोटांत धरून पाहावी: तिला मखमलीसारखी लव असते, आणि फुलाचा देठाकडचा भाग जवळजवळ काळा असल्यामुळे केशरी रंग आणखी उठून दिसतो. क्वचित कोठे पिवळा पळस आढळतो. त्याची जागा माहीत झाली तरी समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, कारण अशा झाडांची सालसुद्धा लोक शिल्लक ठेवत नाहीत.

काटेसावर ओळखणे सोपे आहे. उंच सरळ खोड, आडव्या फांद्या, पान एकही नाही आणि जाड, मांसल लाल फुले. सकाळी तिच्याखाली उभे राहिले तर मैना, साळुंक्या, कोतवाल आणि शिंजीर यांची वर्दळ दिसते. डोंगराच्या खडकाळ माथ्यावर मोठी, तेजस्वी पिवळी फुले दुरून दिसली तर तो बहुधा गणेर असतो. फुले नसतानाही मार्चमध्ये कुसुंबाची नवी पालवी इतकी लालभडक असते की नवखी माणसे तिलाच फुले समजतात.

तोरणमाळ, पाल आणि यावल यांपैकी कोठे जावे?

वेळ असेल तर तोरणमाळ. नंदुरबार जिल्ह्यातले हे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंच आहे. शहाद्याहून घाट चढून गेल्यावर हवा बदललेली लगेच जाणवते. यशवंत तलाव आणि सीताखाई ही तेथील नेहमीची ठिकाणे. पायथ्याचा पळस ओसरू लागला तरी वर बहर काही दिवस टिकतो, म्हणून मार्चच्या उत्तरार्धात येणाऱ्यांना आम्ही हेच ठिकाण सुचवतो. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांची मोठी यात्रा भरते. यात्रेसाठीच यायचे नसेल तर त्या दिवसांत घाटात गाडी घालू नये.

पाल हे रावेर तालुक्यातले, सातपुड्याच्या कुशीतले ठिकाण; एका दिवसात जाऊन येता येते. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. तेथे अंजन आणि सालई या झाडांचे कोरडे, मोकळे जंगल आहे. प्रवेशासाठी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि स्थानिक वाटाड्या घ्यावा.

मोहाची फुले वेचता येतील का?

पाहावीत, चाखावीत, पण वेचणाऱ्यांच्या आधी वेचू नयेत. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप गळू लागतात. फिकट पिवळी, रसदार आणि गोड अशी ही फुले वेचण्यासाठी पावरा आणि भिल्ल आदिवासी कुटुंबे उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. कोणते झाड कोणत्या घराचे हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा ग्रामस्थांचा हक्क मान्यही केलेला आहे. झाडाखालची जागा स्वच्छ झाडून ठेवलेली दिसली तर तेथून चालत जाऊ नये. वेचणारी माणसे भेटली तर त्यांच्याकडून वाळवलेली फुले विकत घ्यावीत. पुरणात किंवा भाकरीत घालून त्यांचा गोडवा छान लागतो.

या दिवसांत रान कोरडे ठणठणीत असते. विडी-काडीची एक ठिणगी डोंगरच्या डोंगर जाळते, म्हणून रानात चूल पेटवण्याचा हट्ट धरू नये.

चाळीसगावकडून येणाऱ्यांनी काय पाहावे?

पाटणादेवी. चाळीसगावच्या नैऋत्येस डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचे प्राचीन मंदिर आहे आणि भोवती १९८६ मध्ये घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य. पावसाळ्यात येथे धबधब्यांसाठी गर्दी होते. वसंतात पाणी आटलेले असते, पण माणसेही कमी असतात आणि पानगळ झालेल्या उतारांवरची फुले स्वच्छ दिसतात. येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांचे भुंग्यांचे एक गणित प्रसिद्ध आहे: थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी व मालती यांच्यामध्ये घुटमळत राहिला, तर थवा केवढा? मुलांना हे मंदिराच्या पायरीवर बसवून सोडवायला द्यावे. उत्तर पंधरा येते.

होळी आणि आखाजीला यायचे असेल तर?

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या गावांत भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे होळीपूर्वीचे बाजार, भरतात, आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी पाहायला दूरदूरचे लोक रात्रभर जागतात. अंगावर रंगरेषा, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेले नाचणारे पुरुष तेथे दिसतात. त्यांतल्या अनेकांनी त्यासाठी काही दिवस व्रत पाळलेले असते. तो त्यांचा धर्म आहे, कार्यक्रम नव्हे; कॅमेरा तोंडाजवळ नेण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खान्देशातला सासुरवाशिणींचा लाडका सण. निंबाच्या झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. मात्र तोवर ऊन प्रखर झालेले असते, त्यामुळे बहर पाहण्याच्या हेतूने तेव्हा येऊ नये; कोणी घरी बोलावले असेल तर मात्र जरूर यावे.

उन्हाचे काय? वृद्ध माणसे आणि मुले बरोबर आहेत.

दिवस दोन भागांत वाटावा. पहाटे साडेसहा ते दहा बाग आणि रान, दुपारी घरात पडवीत विश्रांती, पाचनंतर पुन्हा बाहेर. टोपी किंवा उपरणे, भरपूर पाणी आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी जवळ ठेवावे. फेब्रुवारीत पहाटे गारठा असतो, म्हणून वृद्धांसाठी शालही आणावी.

राहण्याची आणि जेवणाची सोय कशी असते?

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यापासून शेतावर राहण्याच्या सोयींची रीतसर नोंदणी होते. बुकिंग करताना नोंदणी आहे का हे विचारावे. तोरणमाळला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. डोंगरातल्या मुक्कामी दर्जाची फार अपेक्षा ठेवू नये आणि मोबाइलची रेंज मिळेल असे गृहीत धरू नये.

जेवणात शेवभाजी, कळण्याची भाकरी, डुबुकवड्या आणि खापरावरचे मांडे मिळतात. भरताची हिरवी वांगी मुख्यतः हिवाळ्याची. फेब्रुवारीत आलात तर काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत मिळेल, मार्चच्या अखेरीस त्याची चव तशी राहत नाही. तिखट कमी हवे असल्यास स्वयंपाकाला लागण्यापूर्वी सांगावे, नंतर सांगून उपयोग नसतो.

आम्ही येण्याच्या आठवड्यातच गारपीट झाली तर?

फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारा हे आता नवल राहिलेले नाही. अर्ध्या तासात मोहोर झडतो, केळीची पाने फाटून चिंध्या होतात आणि घड आडवे होतात. अशा वेळी ज्यांच्याकडे जायचे ठरले आहे त्यांना फोन करून आधी त्यांची विचारपूस करावी आणि भेट पुढे ढकलावी. पंचनामे चालू असताना बांधावर उभे राहून छायाचित्रे घेणारे पाहुणे कोणालाही नको असतात. रानातला पळस आणि सावर मात्र गारांनंतरही पुष्कळ शिल्लक असतात. सुट्टी तिकडे वळवता येते.

कसे पोहोचावे?

मुंबईकडून येणाऱ्या गाड्या चाळीसगाव, जळगाव आणि भुसावळ येथे थांबतात. सुरतेकडून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर मार्गे जळगावला रेल्वेने येता येते. रस्त्याने आल्यास धुळे हा मध्य धरावा, कारण मुंबई-आग्रा आणि सुरतेकडून नागपूरकडे जाणारा असे दोन्ही महामार्ग तेथे एकमेकांना छेदतात. बागांच्या आणि डोंगरातल्या वाटांसाठी मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी लागतेच.

परत जाताना रोपे किंवा बिया नेता येतील का?

रोपवाटिकेतून घेतलेली रोपे अवश्य न्यावीत. कुंडीत किंवा परसात लावायचे असेल तर ‘फुले शरबती’सारख्या कागदी लिंबाचे कलम किंवा रोप चांगले, पावती आणि वाणाची चिठ्ठी मागून घ्यावी. रानातून काहीही उपटू नये. अभयारण्याच्या हद्दीतून बी, फूल किंवा वाळलेले लाकूडही बाहेर नेण्यास मनाई असते. पळस घरी रुजवायचाच असेल तर त्याच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये पक्व होतात. ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवल्यास बांधावरच्या झाडाच्या शेंगा तो राखून ठेवतो, आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ताजे बी लावले तर ते सहज उगवते.